भरती पाहून आखायची सहल: गरी बेटाच्या वाळूवर कुटुंबासह

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या ज्या बेटाला जून २०२३ पर्यंत नकाशात फ्रेझर आयलंड म्हटले जात होते, त्याला आता तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे बुचुल्ला लोकांचे, जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या आरंभीचा ‘के’ मुका असल्यामुळे त्या नावाचा उच्चार साधारण ‘गरी’ असा होतो, आणि पुढेही मी तेच नाव वापरणार आहे. सुमारे १२३ किलोमीटर लांबीचे हे जगातले सर्वांत मोठे वाळूचे बेट असून १९९२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. वस्त्यांपलीकडे इथे डांबरी रस्ता नाही. पूर्वेकडचा ‘सेव्हंटी फाइव्ह माइल बीच’ हाच हमरस्ता, आणि आतल्या जंगलातून जातात त्या वाळूच्या अरुंद वाटा. ब्रिस्बेन, सिडनी किंवा मेलबर्न येथे राहणाऱ्या आणि सुट्टीत मुलांना, कधी भारतातून आलेल्या आईवडिलांनाही तिथे नेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहीत आहे.

बहुतेक जण आखणीची सुरुवात गाडीपासून करतात. ती भरती-ओहोटीच्या तक्त्यापासून करावी, कारण किनाऱ्यावरून कधी जाता येईल हे गाडीची ताकद ठरवत नाही, समुद्र ठरवतो. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी घालायची नाही, हा तिथला सर्वमान्य नियम आहे. या चार तासांत घट्ट ओली वाळू पाण्याखाली जाते, वरची कोरडी भुसभुशीत पट्टी तेवढी उरते, आणि तिच्यात रुतलेल्या गाडीकडे लाटा चालून येत असतात. पूर्व किनाऱ्यासाठी वॅडी पॉइंटच्या वेळा पाहाव्यात. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब मुंबई-रत्नागिरीच्या समुद्राला लागू पडतो, इथे तो चालत नाही. पंचांगाचा एक उपयोग मात्र इथेही होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी फार वर चढते. त्याऐवजी अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत गेल्यास भरतीलाही किनारा त्या मानाने कमी आक्रसतो. शाळेची सुट्टी तिथी पाहून येत नाही हे खरे, तरी सुट्टीच्या दोन आठवड्यांतला कोणता आठवडा घ्यायचा एवढे बहुधा आपल्या हातात असते.

तक्ता समोर ठेवून दिवस कसा बेतायचा, ते उदाहरणाने पाहू. समजा, भरती सकाळी ९ वाजता आहे. म्हणजे ७ ते ११ किनारा बंद. सकाळी निवांत न्याहारी करावी, ११ नंतर निघावे, तीनच्या सुमारास ओहोटी असेल, आणि अंधार पडण्याआधी मुक्कामी परतावे. हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे सिडनीच्या उन्हाळ्याची सवय असलेल्यांनी विसरू नये. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे चारपाच दिवसांनी तीच भरती दुपारच्या साडेबारा-एकला येते आणि दिवसाचा मधला भागच हातचा जातो. अशा दिवशी किनाऱ्याचा नाद सोडून आतल्या तळ्यांवर जावे. फक्त मुक्काम किनाऱ्यालगत असेल, तर तळ्याच्या वाटेला लागण्यापुरता किनारा केव्हा मोकळा आहे ते आधी पाहावे. आणखी एक बारीकशी गोष्ट: क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात सिडनी-मेलबर्नहून गाडीने येणाऱ्यांचा फोन आपोआप वेळ बदलतो, पण गाडीतले जुने घड्याळ तासभर पुढेच राहते. भरतीच्या हिशेबात तासाची चूक ही लहान चूक नव्हे.

आता गाडी. चारही चाकांना जोर देणारी शहरी एसयूव्ही इथे पुरत नाही. जमिनीपासून पुरेशी उंच असलेली आणि ‘लो रेंज’ गिअर (अगदी कमी वेगात चाकांना जास्त जोर देणारा) असलेली खरी फोर व्हील ड्राइव्ह हवी. विमानतळावर मिळणाऱ्या नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात वाळूवर जाण्यास बहुधा स्पष्ट मनाई असते, आणि ती मोडल्यास विमा हात झटकतो. हर्वी बे आणि रेनबो बीच या दोन गावांत खास बेटासाठी गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत, त्यांच्याकडून गाडी घ्यावी. तरीही खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च कोणी भरायचा, ती कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत. बेटावर गाडी नेण्याचा परवाना आणि तंबूत राहायचे असल्यास त्याचा वेगळा परवाना, हे दोन्ही क्वीन्सलँडच्या उद्यान विभागाकडून आधीच ऑनलाइन काढावे लागतात. ईस्टर आणि नाताळच्या सुट्ट्यांत तंबूच्या जागा फार लवकर भरतात.

बेटावर जाण्याचे मुख्य मार्ग दोन. ब्रिस्बेनहून सुमारे तीन तासांवर रेनबो बीच आहे. त्यापुढच्या इन्स्किप पॉइंटवरून बार्ज, म्हणजे गाड्या वाहून नेणारी सपाट बोट, दहा-पंधरा मिनिटांत बेटाच्या दक्षिण टोकाला, हुक पॉइंटला सोडते. दुसरा मार्ग हर्वी बेजवळच्या रिव्हर हेड्सवरून पश्चिमेकडच्या किंगफिशर बेला जातो, त्याला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पहिला मार्ग स्वस्त आणि सुटसुटीत दिसतो, पण त्यात बार्जवर चढण्यासाठीच भुसभुशीत वाळू ओलांडावी लागते आणि उतरल्यावर लगेच किनाऱ्याची भरती गाठ घालते. पहिल्यांदाच वाळूवर गाडी चालवणाऱ्याने आणि सोबत वयस्कर माणसे असलेल्याने दुसरा मार्ग घ्यावा असे माझे मत आहे, कारण तिथे बार्ज भरतीच्या वेळी पोहोचली तरी मुक्काम समोरच असतो.

वाळूवर गाडी चालवण्यातला अर्ध्याहून अधिक भाग टायरमधल्या हवेचा आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि गाडी वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालते. रस्त्यावर ३५ च्या आसपास ठेवलेली हवा वाळूवर उतरण्यापूर्वी साधारण १८ ते २० पीएसआयपर्यंत आणावी. गाडीचे वजन आणि टायर यांनुसार त्यात थोडा फरक पडतो. आमच्या पहिल्या खेपेला ‘इतकी हवा काढली तर टायर फाटेल’ या भीतीने मी २८ वर थांबलो आणि बार्जच्या रांगेतच, मागे पंधरा गाड्या उभ्या असताना, चारही चाके पुरून बसलो. मागच्या गाडीतल्या बाईंनी एक शब्द न बोलता हवा मोजण्याचे यंत्र माझ्या हातात दिले. हवा १८ वर आणल्यावर गाडी ज्या सहजतेने बाहेर आली, ते पाहून मुले हसली. कमी हवेवर वेगाने झटकन वळण घेऊ नये, टायर रिमवरून निसटू शकतो. हवा पुन्हा भरण्याचा छोटा कंप्रेसर गाडीत असलाच पाहिजे.

चालवताना स्टिअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर तिन्हींवर हलका हात-पाय ठेवावा. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीतून एकसारख्या गतीने जावे, भुसभुशीत पट्टा मध्येच थांबून पाहू नये, आणि थांबायचेच झाले तर ब्रेक न दाबता, समुद्राकडे उतार असलेल्या घट्ट जागी गाडी आपोआप थांबू द्यावी. पूर्व किनाऱ्यावर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आतल्या वाटांवर ३०, आणि जिथे फलक त्याहून कमी सांगतो तिथे फलकाचे ऐकावे. ८० चा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. बेटावरचे ओढे समुद्राला मिळताना वाळू कापत जातात आणि तिथे अचानक पायरीसारखा कडा तयार होतो. तो दुरून दिसत नाही, आणि वेगात त्यावर गेलेली गाडी उडते. ओढा दिसण्यापूर्वीच वेग कमी करावा. लाटांच्या पाण्यातून गाडी नेण्याचा मोह टाळावा. त्याचे छायाचित्र छान येते, आणि गंज काही महिन्यांनी येतो.

गाडी रुतली तर पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढणे. चाके जितकी फिरतील तितकी गाडी खाली जाईल. सर्वांना उतरवावे, मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर वाहतुकीपासून दूर उभे करावे, चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू फावड्याने काढावी, हवा आणखी दोनतीन पीएसआयने उतरवावी आणि शक्यतो आलो त्याच चाकोरीतून मागे यावे. वाळूवर चाकांखाली घालण्याच्या प्लास्टिकच्या फळ्यांची जोडी सोबत असली, तर बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीची गरज लागत नाही. दुसऱ्या गाडीने ओढायचे झाले तर पट्टा प्रमाणित हुकालाच बांधावा, ट्रेलर जोडण्याच्या टो-बॉलला कधीही नाही. तो निखळून काचेतून आत येतो, आणि अशा अपघातांत ऑस्ट्रेलियात माणसे दगावली आहेत.

कोकणातही दर मोसमात पर्यटकांच्या गाड्या समुद्रात रुतल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तिथे किनाऱ्यावर गाडी नेऊ नका हेच सांगणे योग्य असते. गरीवर ती परवानगी आहे, म्हणूनच आईबापांची एक वेगळी पंचाईत होते: मुलांना जो समुद्रकिनारा वाटतो तो कायद्याने रस्ता आहे. लाटांच्या आवाजात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. वाळूचा किल्ला चाकोरीपासून दूर, गाडीच्या डोंगराकडच्या बाजूला बांधू द्यावा. सीटबेल्ट, लहान मुलांची आसने, दारूची मर्यादा, सर्व नियम इथेही लागू आहेत आणि पोलीस तपासणीही होते. किनाऱ्याच्या काही भागांत लहान विमाने उतरतात. त्यांना वाट द्यावी लागते.

समुद्रात पोहू नये. पूर्व किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत, ओढ जबरदस्त आहे आणि शार्क आहेत. मुलांची पाण्याची हौस इली क्रीक भागवते. तिथल्या थंड, नितळ, उथळ ओढ्यात टायरची ट्यूब घेऊन वाहत खाली येण्यात अख्खी दुपार जाते, आणि आजोबांना काठच्या लाकडी वाटेवरून सारे पाहता येते. तिथून थोड्या अंतरावर ‘महेनो’ या जहाजाचा गंजलेला सांगाडा आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून काम केलेले हे जहाज १९३५ मध्ये भंगारासाठी जपानला ओढून नेले जात असताना वादळात सुटले आणि इथे येऊन लागले. त्याच्यावर चढू नये. त्यापुढे उत्तरेला ‘इंडियन हेड’ हे टोक आहे. नाव ऐकून आपल्याकडचे पाहुणे हटकून विचारतात, पण त्याचा भारताशी संबंध नाही. १७७० मध्ये कॅप्टन कुकने तिथे मूळ रहिवाशांना पाहिले आणि त्यांना ‘इंडियन’ म्हटले, एवढेच. या टोकाला वळसा घालणारी वाट फार भुसभुशीत आहे. लहान मुले आणि एकच गाडी असेल, तर टोकाच्या अलीकडे गाडी लावून चालत वर जावे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात तिथून देवमासे दिसतात.

आतल्या तळ्यांपैकी बूरांगूरा, म्हणजे लेक मॅकेन्झी, चुकवू नये. केवळ पावसाच्या पाण्यावर भरलेले हे तळे असून त्याची वाळू पिठासारखी पांढरी आहे. नकाशावर ते जवळ दिसते, पण वाट इतकी उंचसखल आहे की पंधरा-वीस किलोमीटरला तासभर सहज लागतो. पाठीचे दुखणे असलेल्यांना पुढची सीट द्यावी आणि गाडी लागणाऱ्यांसाठी आवळा सुपारी हाताशी ठेवावी. कोरड्या हवेच्या लांब काळानंतर या वाटा अधिक रुतवतात, चार सरी पडून गेल्या की घट्ट होतात.

खाण्याबाबत आपल्या सवयींना थोडा आवर घालावा लागतो. बेटावरचे डिंगो, बुचुल्ला भाषेत वोंगारी, दिसायला गावच्या कुत्र्यासारखे असले तरी रानटी शिकारी आहेत. २००१ मध्ये त्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा मरण पावला. दशम्या, धपाटे, चिवडा जरूर न्यावा, पण सारे गाडीत कुलपाआड ठेवावे, तंबूत लाडवाचा डबासुद्धा ठेवू नये. मुले कायम हाताच्या अंतरावर असावीत, पळू नयेत. तंबूत राहायचे असल्यास कुंपण असलेली जागाच निवडावी. डिंगोला खायला घालणे हा जबर दंडाचा गुन्हा आहे, हे आजीला निघण्यापूर्वीच सांगावे, कारण दारी आलेल्या कुत्र्याला पोळी घालण्याची सवय सहज सुटत नाही.

बेटावर रुग्णालय नाही आणि बऱ्याच भागात फोनला रेंज नसते, म्हणून नेहमीची औषधे दोन दिवस जादा, भरपूर पिण्याचे पाणी आणि आधीच उतरवलेला नकाशा बरोबर असावा. इंधन मोजक्या वस्त्यांत आणि महाग मिळते. वाळूवर गाडी नेहमीपेक्षा बरेच अधिक पिते, तेव्हा टाकी मुख्य भूमीवरच भरावी.

परतताना डांबरी रस्ता लागताच थांबून टायरमध्ये पूर्ण हवा भरावी, मग त्याच दिवशी गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. चाकांच्या आतल्या बाजूला आणि चॅसीच्या पोकळ्यांत मीठमिश्रित वाळू अडकून बसते, ती एका धुण्यात निघत नाही. घरी पोहोचल्यावर बागेतला पाण्याचा फवारा अर्धा तास गाडीखाली ठेवून दोनतीनदा जागा बदलली की खाली येणारे पाणी हळूहळू स्वच्छ होऊ लागते.