पॉझिटिव्ह राहण्याच्या नादात या चुका टाळा

घरात कुणी गंभीर आजारी पडलं, नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं की सल्ले सुरू होतात. ‘पॉझिटिव्ह राहा.’ ‘वाईट विचार मनात आणूच नकोस.’ सांगणाऱ्याची कळकळ खरी असते. पण सकारात्मक भावना आणि सावरण्याची ताकद यांवर मानसशास्त्रात जे काम झालंय, ते असं काही सांगत नाही. त्या कामाचा अर्धवट अर्थ सगळीकडे फिरतो आणि आधीच दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आनंदी दिसण्याची आणखी एक जबाबदारी येऊन बसते. हे मला फार खटकतं. म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका आणि त्या दुरुस्त कशा करायच्या, ते इथे लिहितोय.

दुःख काढून त्या जागी आनंद बसवायला जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन यांनी १९९८ मध्ये एक सिद्धांत मांडला. भीती किंवा राग आला की लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं: पळा किंवा लढा. आनंद, कुतूहल, माया, कृतज्ञता या भावनांनी उलट होतं. नजर मोकळी होते, नवं काही सुचतं, माणसं जवळ येतात. भावना ओसरून जाते, पण तिच्या ओघात जुळलेली नाती आणि शिकलेली कौशल्यं उरतात आणि पुढच्या अडचणीत तीच उपयोगी पडतात. भीती किंवा दुःख वाटूच नये, असं या सिद्धांतात कुठेही म्हटलेलं नाही.

२००१ च्या सुरुवातीला फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांची सावरण्याची क्षमता एका प्रश्नावलीने मोजून ठेवली होती. त्यानंतर ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. लवकर सावरणारी मुलंही दुःखी होती, संतापलेली होती, घाबरलेली होती. फरक एवढाच होता, की या सगळ्याच्या जोडीने त्यांना कृतज्ञता, प्रेम, जगाबद्दलची उत्सुकताही जास्त वाटत होती आणि नैराश्याची लक्षणं त्यांच्यात कमी होती. अभ्यास लहान होता, पन्नासही विद्यार्थी नव्हते. त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण दोन्ही प्रकारच्या भावना एकत्र नांदतात, ही गोष्ट इतर अभ्यासांतही दिसलेली आहे.

त्यातला मानसशास्त्रज्ञ सुझन फोकमन यांचा अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या त्या मुलाखती घेत होत्या. एड्सवर तेव्हा परिणामकारक औषधं नव्हती आणि शेवट काय होणार, हे दोघांनाही माहीत असायचं. सुरुवातीला प्रश्न फक्त त्रासाबद्दलचे होते. काही आठवड्यांतच मुलाखत देणाऱ्यांनी स्वतःहून सांगितलं, की तुम्ही आमच्या चांगल्या क्षणांबद्दल विचारतच नाही. ते विचारल्याशिवाय आम्ही कसे तग धरतो, हे तुम्हाला कळायचं नाही. मग तो प्रश्न घातला गेला आणि उत्तरं आली ती अगदी साधी होती. जोडीदारासाठी आवडीचं काहीतरी रांधलं, मित्र भेटून गेले, कुणी चार शब्द कौतुकाचे बोललं. त्यांच्या मनावरचं मळभ कायम होतं, तरी जोडीदाराच्या मृत्यूच्या आसपासचा काळ सोडला, तर चांगल्या भावनाही त्यांना जवळपास तितक्याच वेळा अनुभवाला येत होत्या.

दुरुस्ती काय करायची? रात्री झोपण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. आज काय जड गेलं? आणि आज कशाने थोडं बरं वाटलं? पहिला प्रश्न गाळायचा नाही. तो गाळला की दुसऱ्याचं उत्तर खोटं वाटायला लागतं. घरातल्या आजारी माणसाशी बोलतानाही हाच क्रम ठेवा. आधी त्याचं दुखणं ऐकून घ्या, मग बागेतली चाफ्याची फुलं दाखवायला न्या.

दुःखात हसणाऱ्याला गप्प करणं

दहाव्याला भावंडं जमलेली असतात. वडिलांची एखादी खोड निघते, चहात बिस्कीट बुडवताना दर वेळी ते कपातच कसं पडायचं ते. सगळी हसायला लागतात, हसता हसता डोळे पुसतात. तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, ‘शोभतं का हे?’ आणि सगळे गप्प.

असं गप्प करू नका. जॉर्ज बोनानो आणि डॅकर केल्टनर यांनी जोडीदार गेल्यानंतर काही महिन्यांनी माणसांना त्या नात्याबद्दल बोलतं केलं आणि त्यांच्या चेहऱ्यांचं चित्रीकरण बारकाईने तपासलं. बोलता बोलता जी माणसं मनापासून हसली (डोळ्यांभोवतीचे स्नायू आकसणारं खरं हसू), त्यांचं दुःख पुढच्या काळात जास्त हलकं झालेलं दिसलं. शिवाय अनोळखी लोकांना ती चित्रफीत दाखवली, तेव्हा हसणाऱ्यांबद्दल त्यांना जास्त आपुलकी वाटली. म्हणजे त्या हसण्याने माणसं दूर जात नाहीत, जवळ येतात, आणि दुःखाच्या काळात माणसं लागतातच.

मात्र याचा अर्थ कुणाला मुद्दाम हसवायला जावं, असा काढू नका. ओठांवर आणलेल्या हसूने हे होत नाही. भावना चेहऱ्यावर दिसू न देता दाबून ठेवली, तर दुःख कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो, हे जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांच्या प्रयोगांत दिसलंय.

आनंद मोजत बसणं

२०११ मध्ये आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना आनंद किती महत्त्वाचा आहे, हे ठसवणारा एक लेख वाचायला दिला आणि मग एक सुखद चित्रफीत दाखवली. लेख वाचलेल्या स्त्रियांना ती पाहून कमी आनंद झाला. आपल्याला आनंद व्हायला हवा, मग होत कसा नाही, याचीच खंत आड आली. सहलीला जाऊन ‘मजा येतेय ना?’ असं दर तासाला विचारणाऱ्या माणसासोबत फिरलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या मोजण्याच्या सोसाला एका आकड्याने मोठं खतपाणी घातलं. फ्रेडरिकसन आणि चिलीचे मार्सियल लोसादा यांनी २००५ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यानुसार सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचं प्रमाण २.९०१३ ला १ यापेक्षा जास्त असेल तर माणूस बहरतो. हा आकडा आला होता प्रवाही पदार्थांच्या हालचालींसाठीच्या गणिती समीकरणांतून. दशांश चिन्हानंतर चार अंक असले की आकडा शास्त्रीय वाटतो आणि हाही वाटला. ‘तीनास एक’ हे सूत्र कार्यशाळांमधून जगभर गेलं. मग निक ब्राउन या ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला ते गणित पटेना. त्याने भौतिकशास्त्रज्ञ अॅलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेऊन २०१३ मध्ये दाखवून दिलं, की ही समीकरणं भावनांना लावायला काहीच आधार नाही. त्यानंतर निबंधातला तो गणिती भाग अधिकृतपणे मागे घेतला गेला. तरीही एखाद्या व्याख्यानात आजही कुणी ‘एका वाईट विचारासाठी तीन चांगले’ असं सांगतं. तिथे मान डोलावू नका. किती आनंद पुरे, याचा असा कुठलाही सिद्ध आकडा नाही.

न पटणारं वाक्य घोकणं

‘मी खंबीर आहे, मी सुंदर आहे, मी यशस्वी आहे.’ आरशापुढे रोज म्हणायचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. वाक्य होतं, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.’ ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं, त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता, त्यांना हे वाक्य म्हणून जास्त वाईट वाटलं. मन आतून लगेच उलटी साक्ष काढतं. अशा वाक्यांची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे असं आपण समजतो, नेमका त्यांनाच अपाय.

त्याऐवजी खरं आणि छोटं वाक्य घ्या. ‘आज अंघोळ करून खाली चक्कर मारून आलो’ हे मनाला खोडून काढता येत नाही.

कृतज्ञतेची वही उपचार म्हणून रोज भरणं

वहीत काही दोष नाही. पण सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. दुसऱ्या काही प्रयोगांत रोज लिहिण्यानेही बरं वाटलंय, म्हणून एकच नियम सांगता येत नाही. हात सवयीने ‘आई, बाबा, आरोग्य’ असं लिहायला लागला, की काही दिवस वही मिटून ठेवा. पुन्हा लिहाल तेव्हा एकच गोष्ट घ्या आणि तपशिलात लिहा: कुणी, केव्हा, काय केलं.

ऐन ताणात हसायला सांगणं

फ्रेडरिकसन यांच्याच एका प्रयोगात लोकांना अचानक सांगितलं गेलं, की एका मिनिटात भाषणाची तयारी करा. हृदयाचे ठोके वाढले, रक्तदाब चढला. मग भाषण रद्द करून प्रत्येकाला एक फिल्म दाखवली. कुणाला खेळणारी कुत्र्याची पिल्लं, कुणाला समुद्राच्या लाटा, कुणाला दुःखद दृश्य. पिल्लं आणि लाटा पाहणाऱ्यांचं शरीर सगळ्यात लवकर पूर्वपदावर आलं. परिणाम दिसला तो ताण उतरण्याच्या वेगात.

म्हणून मुलाला तोंडी परीक्षेच्या दारात ‘हस रे जरा’ म्हणू नका. बाहेर आल्यावर लगेच ‘काय काय विचारलं?’ हेही नको. आधी वडापाव खाऊ द्या.

सगळा भार एकट्या माणसावर टाकणं

एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. हलाखीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात जवळ घेणारं निदान एक तरी मोठं माणूस होतं: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. तेव्हा कामाचे तास तेच ठेवून कर्मचाऱ्यांना ‘खंबीर मन’ शिबिराला पाठवणाऱ्या कार्यालयांनी आधी तास बघावेत. आणि कुणी कोलमडलं तर ‘तू कमी पडलास’ म्हणण्याआधी त्याच्या बाजूला कोण उभं होतं, ते विचारावं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक मेली असेल, तर यातलं काहीही घरी करून बघत वेळ घालवू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोलून दाखवलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि फोन लावेपर्यंत शेजारी बसून राहा.