रेडिओतली खरखर घरातूनच येते का, हे कसं शोधाल

इंदूर आकाशवाणीसारखं जवळचं, जोरकस केंद्र (648 किलोहर्ट्झ) घरातला गोंगाट दाबून टाकतं. तो खरा जाणवतो रात्री मिडियम वेव्हवर नागपूर (585) किंवा जळगाव (963) लावताना. रेडिओ बिघडला म्हणून माळ्यावर टाकण्याआधी घर तपासा. दोष बऱ्याचदा रेडिओचा नसतोच.

सेलवर चालणारा, मिडियम वेव्ह असलेला छोटा रेडिओ घ्या. शोध दुपारी सुरू करा. दिवसा दूरची केंद्रं लागत नाहीत, त्यामुळे डायलवर रिकामी जागा सापडते. काटा तिथेच ठेवा. एखाद्या केंद्रावर ठेवलात तर रेडिओ आपली ग्रहणशक्ती आपोआप कमी करतो आणि खरखर झाकली जाते.

आता मेन एमसीबी (घराची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करा. इथे फसगत होते ती इन्व्हर्टरमुळे. मेन गेला की तो लगेच चालू होतो, राउटर आणि काही दिवे सुरूच राहतात. शिवाय तो स्वतःही गोंगाट करतो. म्हणून त्याचाही स्विच बंद करा. आवाज थांबला तर उगम घरात आहे. तसाच राहिला तर शेजारी किंवा रस्त्यावर.

घरातला असेल तर बाकीचे एमसीबी खाली करा, मेन चालू करा आणि ते एकेक करत चढवा. ज्याने आवाज परतला, त्यावरची सगळी उपकरणं प्लगमधून उपसा आणि एकेक परत लावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही आतून जागाच असतो, तेव्हा प्लगच काढायचा. आरओचा आणि सीसीटीव्हीचा अडॅप्टर हमखास विसरला जातो.

आवाजाचा पोतही बरंच सांगतो. डायल फिरवताना ठरावीक अंतराने गुरगुर येत राहिली तर चार्जर, अडॅप्टर किंवा एलईडी बल्बचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट) पाहा. हे सगळे वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून काम करतात. पंख्याचा गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला रेग्युलेटर विजेच्या लाटेचा प्रत्येक अर्धा भाग कापतो, म्हणून 50 हर्ट्झच्या विजेवर 100 हर्ट्झची भरड घरघर येते, मधल्या वेगाला सर्वांत जास्त. मिक्सरची खरखर कार्बन ब्रशांतल्या ठिणग्यांची. पण लोड वाढला की चरचर वाढत असेल, स्विच किंवा प्लग गरम लागत असेल, तर बोर्डातला स्क्रू ढिला आहे. तिथे रेडिओ बाजूला ठेवा, एमसीबी बंद करा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा. अशा सांध्यातून आग लागते.

दिशा शोधायला रेडिओच्या आतली फेराइटची (चुंबकीय पदार्थाची) कांडी कामाला येते, तीच त्याची मिडियम वेव्हची अँटेना. ती बहुधा डब्याच्या वरच्या कडेला लांबीने आडवी बसवलेली असते. रेडिओ आडव्यात फिरवत राहा. आवाज जिथे सर्वांत मंद होतो, तिथे कांडीचं टोक उगमाकडे वळलेलं असतं. टोकं दोन, म्हणून दोन वेगळ्या जागांवरून हे करा आणि रेषा कुठे मिळतात ते पाहा. भिंतीतल्या तारांजवळ ही कांडी दिशा चुकवते, पण तारांपासून दूर गेलात की पुष्कळ विश्वासाची आहे.

उपाय उगमापाशीच करायचा. स्वस्त अडॅप्टर उघडला तर बोर्डवर फिल्टरच्या कॉइलची जागा आखलेली दिसते, पण कॉइल नसते, तिथे साधी तार टाकलेली असते. असा अडॅप्टर दुरुस्त करत बसू नका, त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला घ्या. बल्बही बदलाच. रेग्युलेटर पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला बसवा, तो गोंगाट करत नाही. इंदूरच्या महाराणी रोडवर खरेदीला जाताना रेडिओ सोबत न्या आणि दुकानातच बल्ब लावून हातभर अंतरावर धरून ऐका.

उपकरण बदलता येत नसेल तर फेराइट रिंग लावा. केबलवर एकदाच अडकवलेली क्लिप मिडियम वेव्हवर जवळपास निरुपयोगी ठरते. साधारण 60 मिलिमीटरची 31 किंवा 75 नंबरच्या मटेरियलची (हे फेराइटचे प्रकार) रिंग घ्या आणि वायरचे 10 ते 12 वेढे द्या, उपकरणाला शक्य तितके खेटून. वायरमधल्या सगळ्या तारा एकत्रच गुंडाळायच्या. वेढे दुप्पट केले की अडथळा सुमारे चौपट होतो. मेनवर कपॅसिटर लावायचाच असेल तर तो एक्स-2 वर्गाचाच (मेनच्या विजेसाठी बनवलेला) हवा, तोही जाणकाराकडून.

उगम बाहेर असेल तर रेडिओ घेऊन गल्लीत फिरा. आवाज वाढत जाईल तसा डायल वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकवा. तिथे आवाज फार लांब पसरत नाही, त्यामुळे उगमाचा खांब नेमका हाताला लागतो. कोरड्या हवेत जोरात आणि पावसात गप्प होणारी चरचर बहुधा खांबावरच्या ढिल्या जोडाची असते. खांबाला हात लावू नका, ठोकूनही पाहू नका. वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार नोंदवताना खांबाचा क्रमांक, वेळ आणि तेव्हाची हवा सांगा.