स्त्रीत्व आणि हळवेपण टिपणारी पोर्ट्रेट्स : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

खिडकीशी बसलेली, नजर खाली झुकवलेली उदास मुलगी. या विषयाकडे वळणारे बहुतेक जण पहिल्यांदा हाच फोटो काढतात. प्रकाश छान पडलेला असतो, पण ती बाई कोण आहे हे मात्र कळत नाही. ‘जरा हळवी दिस’ असं सांगितलं की अभिनयच मिळणार. डच छायाचित्रकार रिनेके डाइकस्ट्रा यांनी १९९४ मध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांची पोर्ट्रेट्स काढली. साध्या भिंतीपुढे सरळ उभ्या, बाळ छातीशी, नजर थेट कॅमेऱ्यात. थकवा आणि अभिमान दोन्ही दिसतात, कारण त्यांना काही करून दाखवायला सांगितलेलं नाही.

बैठकीला दीड-दोन तास ठेवा. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या. शरीराचा कोणता भाग, कोणती खूण फोटोत नको हे त्याच वेळी विचारा. सोबत मैत्रीण आणायची असेल तर आनंदाने हो म्हणा. पोझ सांगताना हात लावू नका, स्वतः करून दाखवा. अधूनमधून स्क्रीनवर फोटो दाखवत राहा; आपण कशा दिसतोय हे न कळल्यामुळेच खांदे ताठरतात. चेहऱ्याइतकंच हातांकडे बघा. चेहरा सैल असला तरी अंगठा मुठीत दाबलेला असतो. तसं दिसलं की थांबा, पाणी द्या, दुसरं काही बोला. ‘झालं’ म्हणून सांगायचं आणि गुपचूप क्लिक करायचं ही युक्ती सर्रास शिकवली जाते. या कामात तो विश्वासघात आहे.

फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी, क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) ५० मिमी लेन्स पुरते. ३५ मिमी घेऊन चेहऱ्याच्या फार जवळ गेलात की नाक मोठं दिसतं. दोष अंतराचा असतो. निदान दीड मीटर लांब राहा. एफ/१.४ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र फार मोठं उघडण्याचा मोह आवरा, चेहरा जरा वळला की एक डोळा धूसर होतो. एफ/२.८ ते ४, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको. त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत गेला तरी चालेल. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर त्वचेवर दोन रंगांचे डाग पडतात. सावलीच्या बाजूला पांढरा बोर्ड धरला तर चेहरा मऊ दिसतो, काळा धरला तर सावली गडद होते. सावळ्या त्वचेचं एक्स्पोजर त्वचेवरच मोजा आणि एडिटिंगमध्ये ती उजळवू नका. व्रण, स्ट्रेच मार्क पुसायचे की ठेवायचे, हे तिला विचारून ठरवा.

संमती दोनदा घ्या : शूटच्या आधी आणि निवडलेले फोटो दाखवल्यावर. प्रदर्शन, पुस्तक, वेबसाइट, जाहिरात यांसाठी वेगवेगळ्या ओळी लिहा. नकार द्यायची मुदतही लिहा. फोनवरचं आपोआप होणारं क्लाउड बॅकअप बंद ठेवा.

एकेका सुंदर फोटोवर पुढचं काम मिळणं कठीण. गॅलरी आणि संपादक मालिका बघतात. छोट्या प्रिंट काढून जमिनीवर पसरा, एकच भाव सांगणाऱ्या दोनांतली एक काढून टाका, पंधरा-वीस उरेपर्यंत. घरभाडं सुरुवातीला बहुधा लग्नाच्या नाहीतर कंपन्यांच्या कामातूनच निघतं, त्यामुळे मालिकेसाठी महिन्यातले ठरावीक दिवस आधीच राखून ठेवा.