लेआउटमध्ये नियम धाब्यावर? आधी मंजूर नकाशा काढा, मग तक्रार करा

नागपुरात नवीन स्कीम म्हटली की ब्रोशरमध्ये गार्डन, रुंद रोड, क्लबहाऊस सगळं असते, अन् राहायला गेल्यावर गार्डनच्या जागेवर बिल्डरचं गोडाऊन अन् पार्किंगमध्ये गाळे. लोक तक्रार करतातच, पण अर्जात लिहितात काय, तर "बिल्डरने मनमानी चालवली आहे, कारवाई करावी". असा अर्ज फाईलला लागतो अन् तिथंच पडून राहतो भाऊ, कारण त्यात इंजिनिअरनं येऊन तपासावं असं काहीच नसते.

आधी हद्द कोणाची ते पाहा. शहरात काही लेआउट नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यास), बाकी मनपाचे, शहराबाहेर जामठ्याकडे गेलात की एनएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), अन् तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मंजूर नकाशावर शिक्का कोणाचा आहे ते बघा, पहिला अर्ज तिथंच. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त अन् फ्लॅटही ८ पेक्षा जास्त असले तर रेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही लागते, म्हणून महारेराच्या (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्टचं नाव टाकून पाहा, बहुतेक वेळा नकाशा तिथंच फुकट सापडतो.

नाही सापडला तर आरटीआय. १० रुपये फी, महाराष्ट्रात एक अर्ज एकच विषय अन् १५० शब्दांच्या आत. "कारवाई का केली नाही" असं विचारत बसू नका, उत्तर गोलमाल येते, सरळ कागद मागा: मंजूर लेआउट, बिल्डिंग प्लॅन, सुधारित मंजुरी असली तर ती, भोगवटा प्रमाणपत्र. ३० दिवसांत आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका.

नकाशा हातात आला की लांब टेप घ्या, एक टोक शेजाऱ्याला धरायला लावा अन् कंपाउंडपासून इमारतीच्या भिंतीपर्यंत मोजा. नकाशात साईड मार्जिन, म्हणजे बाजूनं सोडायची जागा, ३ मीटर अन् जागेवर १.८० भरत असेल, तर टेपवरचा आकडा वाचता येईल असा फोटो काढा. मोकळ्या जागेचंही तसंच, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. पण तिथं थोड्या बांधकामाला परवानगी असते, वॉचमनची खोली दिसली म्हणून बोंब मारू नका, आपलीच केस पातळ होते.

(जुने गुंठेवारीचे, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचे, लेआउट असतील तर आधी आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, झालं का ते बघा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉटही त्यात आले, तिथं वरचा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही.)

आता अर्ज. एकच पान, नकाशात काय अन् जागेवर काय एवढंच, सोबत फोटो. काम चालू असेल तर एमआरटीपी कायदा १९६६ (राज्याचा नगररचना कायदा) चं कलम ५४, म्हणजे काम थांबवायची नोटीस, झालेल्या बांधकामाला कलम ५३, म्हणजे ते काढून टाकायची नोटीस. अधिकाऱ्यानं सबळ कारण नसताना कारवाई टाळली तर त्याच्यावरही कलम ५६अ आहे, ते शेवटच्या ओळीत नम्रपणे लिहा, धमकी नको. आवक विभागात शिक्का मारून पोच घ्या, नुसतं साहेबाच्या टेबलावर ठेवून येऊ नका.

नोटीस निघाली की लोक खूश होऊन ग्रुपवर पेढे टाकतात, अन् खरी मेख इथंच आहे बावा. नोटीस मिळालेला माणूस बांधकाम कायम ठेवायची परवानगी मागतो, अन् त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थंडी. वर्षानुवर्षं फाईल इथंच झोपून राहते. म्हणून नोटिशीनंतर महिनाभरानं दुसरा आरटीआय टाका: असा अर्ज आला का, कोणत्या तारखेला, निकाल काय लागला, त्याची प्रत. नामंजूर झालेला सापडला तर तोच कागद लावून पाडायची मागणी करा, अन् लोकशाही दिनातही (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) द्या, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते.

बिल्डरनं तुम्हाला न विचारता नकाशाच बदलला असेल तर रेरा कलम १४ बघा, इमारतीच्या लेआउटमध्ये किंवा कॉमन जागेत बदल करायला दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. महारेरात तक्रारीची फी ५००० रुपये. शेजारच्या बंगलेवाल्यानं मजला वाढवला तर मात्र तिथं जाऊन उपयोग नाही, ते नासुप्र-मनपाचंच काम.