वेल्डिंग बिघडतं ते आर्क पेटण्याआधी: घरच्या वर्कशॉपमध्ये या चुका टाळा

मी केलेलं पहिलं स्टूल अजून माझ्याकडे आहे. चारपैकी तीनच पाय जमिनीला टेकतात आणि चौथ्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. ते करताना वाटायचं, हात बसलेला नाही म्हणून काम बिघडतंय. हात बसला नव्हता हे खरंच, पण स्टूल डुगडुगतं ते त्यामुळे नाही. चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे न बघताच मी एका कोपऱ्यातला जोड पूर्ण भरून टाकला होता. पुढेही बहुतेक बिघाडांचा माग काढताना मला असंच मागे जावं लागलं. दोष जोडात दिसतो, पण तो झालेला असतो साफसफाईत, मापात, क्लॅम्पमध्ये, नाहीतर उघड्या पडलेल्या रॉडच्या पाकिटात.

इथे मी धरून चाललोय की तुमच्याकडे छोटं इन्व्हर्टर मशीन आहे, साधे ६०१३ रॉड (वरून मसाल्याचा थर असलेल्या वेल्डिंगच्या तारा) आहेत आणि काम एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, पाइप, अँगल, पट्ट्यांवर चाललंय.

रॉड सारखा चिकटतो

सगळ्यांचा पहिला हात करंट वाढवायच्या बटणाकडे जातो. जरा थांबा आणि आधी अर्थ क्लॅम्प, म्हणजे मशीनची परतीची वायर कामाला धरणारा चिमटा, बघा. तो रंगावर, गंजावर किंवा पाइपावरच्या काळ्या थरावर लावला असेल, तर करंटची परतीची वाट तिथेच अडते. जोड लागत नाही आणि क्लॅम्प मात्र तापतो. क्लॅम्प बसतो तेवढी जागा ग्राइंडरने चकचकीत करून घ्या. जोडाची जागाही तशीच, दोन्ही बाजूंना बोटभर. "रॉड जाळून टाकेल सगळं" हा भरवसा फार महागात पडतो.

दुसरा संशयित म्हणजे एक्स्टेन्शनची वायर. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मशीनच्या पडद्यावर आकडा ९० दिसत असला तरी आर्कमध्ये, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या झोतात, दम नसतो. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वेल्डिंग करू नका, आतल्या आत तापून तिचं आवरण वितळतं. पूर्ण उलगडा.

तिसरा, ओलावा. ६०१३ ला ७०१८ या दुसऱ्या जातीच्या रॉडसारखी वाळवायची भट्टी लागत नाही, पण दमट कोपऱ्यात महिनोन्‌महिने उघडं पडलेलं पाकीट त्रास देतंच. मसाला खपल्यांनी सुटतो, आर्क फुत्कारतो, जोडात बारीक छिद्रं येतात. झाकणाच्या डब्यात ठेवले की प्रश्न मिटतो.

हे सगळं ठीक असेल तर मग करंट. २.५ मिमी रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मिमीला ९० ते १३०. नेमका पल्ला पाकिटावर छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. रॉड काडेपेटीची काडी ओढावी तसा घासून पेटवा आणि आर्कची लांबी, म्हणजे रॉड आणि लोखंडातलं अंतर, रॉडच्या तारेच्या जाडीइतकीच ठेवा. चिकटलाच तर मनगटाने पीळ देऊन सोडवा. तरी सुटला नाही तर होल्डर दाबून रॉड सोडून द्या, पण तोंडावरचा हेल्मेट वर करायची घाई करू नका, कारण होल्डर सुटतानाही ठिणगी पडते.

जोड काय सांगतोय

स्लॅग, म्हणजे जोडावर जमणारी काळी काच, काढल्यावर जोड नीट बघा, तो बरंच बोलतो. पत्र्यावर अळी बसावी तसा उंच आणि अरुंद असेल तर करंट कमी आहे. चपटा, पसरलेला आणि कडेला खाच पडलेली असेल तर करंट जास्त किंवा आर्क लांब. आजूबाजूला दाण्यांचा सडा पडला असेल तर बहुधा आर्क लांबच. टोचल्यासारखी छिद्रं दिसली तर तेल, रंग, गंज किंवा ओलावा शोधा.

जोडाच्या पोटात काळी काच अडकली असेल तर रॉडचा कोन तपासा. रॉडचं वरचं टोक जायच्या दिशेला १० ते १५ अंश कलतं हवं, म्हणजे रॉड ओढत न्यायचा. ढकलत नेला की वितळलेला स्लॅग पुढे पळतो आणि त्याच्यावर लोखंड चढतं. नवखा माणूस झगमगाटाकडे बघतो. बघायचं असतं त्याच्या मागच्या वितळलेल्या डबक्याकडे. ते दोन्ही तुकड्यांत सारखं शिरलं तरच पुढे सरकायचं.

वरून सुंदर दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. म्हणून भंगारातल्या दोन पट्ट्या उलट्या टी सारख्या उभ्या करा, एकाच बाजूने जोडा, गार होऊ द्या, व्हाइसमध्ये धरा आणि जोडाच्या दिशेने हातोडीने दुमडून तोडा. तुटल्यावर आत एका पट्टीची मूळ सपाट कड जशीच्या तशी दिसली, तर तिथे लोखंड वितळलंच नव्हतं, नुसतं चिकटलं होतं. बरेच व्हिडिओ बघूनही मला जे कळलं नव्हतं ते असे तुकडे तोडताना कळलं.

पातळ पाइपला भोक पडतं

दीड-दोन मिमी जाडीच्या चौकोनी पाइपात भोक पडलं की लोक त्याच भोकात रॉड घालून ते बुजवायला जातात आणि ते आणखी मोठं होतं. थांबा, लाली जाऊ द्या, मग कडेला एक ठिपका, थांबा, दुसरा ठिपका. मागे तांब्याचा जाड तुकडा धरता आला तर उत्तम. तांबं उष्णता ओढून घेतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही. रॉड २ मिमीचा घ्या.

खरी चूक मात्र इथेही आधीचीच असते: दोन पाइपांमधली फट. कटिंग व्हील स्वतःच्या जाडीइतकं लोखंड खातं. रेघेवर कापलं तर तुकडा तेवढा आखूड भरतो. रेघ आपल्या तुकड्यात शाबूत राहील असं, टाकाऊ बाजूला कापा. फट राहिलीच तर रॉडने बुजवण्यापेक्षा तुकडा नवा कापणं कमी वेळ खातं.

एक गंमत. दोन्ही टोकं बंद केलेल्या पाइपात जोडाचा शेवटचा ठिपका काही केल्या बुजत नाही, तिथून फुस्स होऊन छिद्र पडतं. आतली तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधत असते. आधीच न दिसणाऱ्या जागी एक बारीक भोक पाडून ठेवा.

चौकट वाकते, पीळ पडतो

एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं की सुमारे १.२ मिमी वाढतं, आणि जोडाजवळ तर कितीतरी जास्त तापमान असतं. तापलेल्या भागाला पसरायचं असतं, शेजारचं गार लोखंड पसरू देत नाही. मग तो तिथल्या तिथे दबतो आणि गार होताना पहिल्यापेक्षा आखूड होतो. त्यामुळे काम नेहमी जोडाच्या बाजूला ओढलं जातं. हे थांबवता येत नाही, वाटून देता येतं.

म्हणून आधी सगळीकडे फक्त टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरण्यापुरते छोटे जोड. चारही कोपरे टाके मारून झाले की दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय ८०० मिमीच्या चौकटीचा कर्ण १००० भरला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. गुण्या एका कोपऱ्यापुरतं सांगतो, कर्ण पूर्ण चौकटीचं. फरक निघाला तर आत्ताच ठोकून सरळ करा, टाका वाकतो किंवा ग्राइंडरने कापता येतो. पूर्ण जोड भरल्यावर हातोडी मारणं म्हणजे लोखंडाशी भांडण. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं भरत जा, एकाच कोपऱ्यात मुक्काम नको. आणि पूर्ण गार होईपर्यंत चौकट धरून ठेवणारे क्लॅम्प सोडू नका.

जास्त जोड म्हणजे जास्त मजबुती, हा आणखी एक भ्रम. लागतो त्यापेक्षा जाड भरलेला जोड कामाला फक्त जास्त ओढतो.

वेल्डिंगचे चुंबक कोन धरायला छान, पण ते क्लॅम्प नव्हेत. डीसी मशीनवर जोडाजवळ चुंबक राहिला तर आर्क एका बाजूला भरकटतो आणि माणूस रॉडला दोष देत बसतो. टाका मारा, चुंबक काढा.

यात प्रयोग नकोत

गॅल्व्हनाइज्ड पाइप तसाच वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायच्या कितीतरी आधी पांढरा धूर होऊन उडतं. तो धूर ओढला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. थर घासून काढा, घासताना मास्क लावा, वेल्डिंग मोकळ्या हवेत करा. हेल्मेट धूर अडवत नाही.

ब्रेक क्लीनरने लोखंड पुसून त्यावर लगेच आर्क पेटवणं ही चूक तर एकदाही नको. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं आणि आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील प्रकाशाने त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ते वापरूच नका. इतर कुठल्याही द्रावणाने पुसलं तरी पूर्ण वाळू द्या आणि डबा-फडकं लांब ठेवा. तेलाचे, पेट्रोलचे रिकामे पिंप किंवा टाक्याही घरी वेल्ड करायच्या नाहीत, "धुतलंय" म्हटलं तरी नाही.

टाकाच तर मारायचाय म्हणून डोळे मिटून आर्क पेटवणाऱ्याला त्याचं फळ रात्री मिळतं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. ६० ते १६० अँपिअरला हेल्मेटमध्ये १० नंबरची गडद काच ठीक. स्लॅग ठोकताना हेल्मेट वर असतो, त्यामुळे आत साधा पारदर्शक चष्मा घातलेलाच असू द्या. बघणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, लांब ठेवा.

ग्राइंडरचा गार्ड काढू नका. पातळ कटिंग व्हीलच्या चपट्या बाजूने घासू नका, त्याला बाजूचा दाब सोसत नाही. चकतीवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असेल तर ती चढवूच नका.

ठिणग्या दहा-बारा मीटरपर्यंत जातात आणि भुसा, चिंध्या, पुठ्ठ्यात शिरून निवांत धुमसतात. मशीन बंद केल्यावर तासभर तरी तिथेच काहीतरी करत राहा. मी तेवढ्यात जोड घासून घेतो, पण रंग लावत नाही. रंग दुसऱ्या दिवशी, तोही कडांमधली काळी काच वायर ब्रशने पूर्ण निघाल्यावर. ती राहिली तर थोड्या दिवसांनी रंगाची खपली तिच्यासकट निघते आणि खालून गंज डोकावतो.