ऑक्टोबरच्या पावसाला भुलू नका: दक्षिण मलावीतील मका-तुरीसाठी पेरणीपूर्व सल्ला

आफ्रिकेतल्या मलावी देशात स्वतः शेती करणाऱ्या किंवा तिथल्या शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा सल्ला आहे. भर दक्षिणेवर आहे: ब्लँटायर, झोंबा, फालोम्बे, मुलांजे हे उंचावरचे जिल्हे आणि खाली शिरे नदीच्या खोऱ्यातले चिक्वावा व न्सांजे. देशातली बहुतेक तूर दक्षिणेतच होते, आणि गेल्या काही वर्षांत हवामानाचा मारही तिथेच जास्त बसला.

मार्च २०१९ मध्ये इडाई, जानेवारी २०२२ मध्ये आना, त्याच वर्षी मार्चमध्ये गोम्बे आणि मार्च २०२३ मध्ये फ्रेडी अशी चक्रीवादळं आली. फ्रेडीच्या वेळी सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत कोसळला. पुढच्याच हंगामात एल निनोमुळे पावसाने दडी मारली आणि २३ मार्च २०२४ रोजी २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. एका मार्चमध्ये माती वाहून गेली, पुढच्या मार्चपर्यंत मका करपला. त्यामुळे यंदा कोरडं की ओलं, हे ठरवत बसू नका. शेत दोन्हींसाठी बांधायचं आहे.

पेरणी कधी

तिथला पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. त्याआधी ऑक्टोबरमध्ये एखाददुसरी सर येते, तिला तिकडे चिझिमालुप्सा म्हणतात. ही सर पेरणीची नव्हे. शिरे खोऱ्यात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, जमीन भाजलेली असते. बी उगवतं आणि पुढच्या उघडिपीत कोंब जळून जातो. संकरित मक्याचं बी दुसऱ्यांदा विकत घेणं लहान शेतकऱ्याला झेपत नाही.

दोन-तीन दिवसांत मिळून २५ ते ३० मिलिमीटर पाऊस झाला आणि वीतभर खोल ओल हाताला लागली, की मग थांबू नका. उशिरा पेरलेला मका हमखास मागे पडतो. पर्जन्यमापक नसेल तर सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि पाणी पट्टीने मोजा. तरीही सगळं बी एकदम जमिनीत टाकू नका, दुबार पेरणीपुरतं थोडं मागे ठेवा. खोऱ्यात कमी दिवसांचंच वाण घ्या. तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडताना पस्तीस अंशांवर ऊन आणि कोरडी जमीन असेल तर परागीभवन फसतं, कणसं दाणे न भरता राहतात. ते नंतर कोणत्याही खताने भरून निघत नाही.

पाणी अडवायचं, पण वाट ठेवून

माझ्या मते खरं काम पेरणीआधीचं आहे, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. मलावीत मका वरंब्यावर लावतात. हे वरंबे उताराच्या आडवे, समपातळीत हवेत. तीन काठ्यांची इंग्रजी A सारखी चौकट करा, मधोमध ओळंबा सोडा आणि समपातळी रेषा आखून घ्या. जुने वरंबे दिसतात म्हणून त्याच रेषेत पुन्हा माती ओढू नका. ते तिरके असतील तर वरंबा हाच ओहोळ होतो, आणि एक फुटला की खालचे सगळे फुटतात. दोन वरंब्यांत ७५ सेंटिमीटर अंतर पुरे.

सपाट, हलक्या जमिनीत सरीमध्ये दर दोन-तीन मीटरवर मातीचे आडवे बांध घाला, म्हणजे बंदिस्त सरी होईल. बांधाची उंची वरंब्याच्या दोन-तृतीयांशच ठेवा. जास्तीचं पाणी सरीतूनच पुढे सरकलं पाहिजे, वरंबा ओलांडून नव्हे. काळ्या, चिकण जमिनीत बंदिस्त सरी नको, मुळं कुजतील. मुलांजे-झोंब्याच्या तीव्र उतारावर पाणी पूर्ण अडवण्याचा हट्ट धरू नका. तिथे पाण्याला गवत लावलेली वाट काढून द्या. जानेवारी ते मार्चमध्ये हवामान विभागाचा वादळाचा इशारा आला, तर आडवे बांध एकाआड एक फोडून ठेवा.

समपातळी रेषेवर वाळा लावा. हा आपलाच वाळा, तिथे मृदसंधारणासाठी चांगला रुळलाय. फुटवे वीतभर अंतराने, दाट लावा. विरळ ओळ पाणी अडवत नाही.

मक्याचं धाट जाळू देऊ नका. मलावीत उंदीर पकडण्यासाठी शेतं पेटवण्याची रीत आहे. भाजलेले उंदीर काडीला लावून रस्त्याकडेला विकले जातात आणि आवडीने खाल्ले जातात. यावर नाक मुरडून उपयोग नाही. उंदीर पकडणाऱ्या मुलांशी बोलून एक कोपरा त्यांच्यासाठी सोडा आणि बाकीचं आच्छादन वाचवा.

तूर

मका एकटा लावू नका. मक्याच्या वरंब्यावरच ९० सेंटिमीटरवर एकेक ठिकाणी तुरीचे तीन दाणे टोकावेत. मका गेला तरी तूर हाताशी राहते, कारण तिची मुळं खोल जातात आणि ती मक्याच्या कितीतरी नंतर पिकते. मात्र स्थानिक वाणं आठ-नऊ महिने घेतात. दिवस लहान झाले आणि थंडी पडली की ती फुलतात. उष्णता रेंगाळली तर फुलोरा लांबतो आणि तोवर ओल संपते. म्हणून सखल, गरम भागात म्वायवातुअलिमीसारखं मध्यम कालावधीचं वाण बरं. मागे मर (झाडं वाळून मरण्याचा रोग) दिसली असेल त्या तुकड्यात तूर पुन्हा घेऊ नका.

मका काढल्यावर गावच्या शेळ्या मोकळ्या सुटतात आणि उभी तूर संपवतात. गावप्रमुखाशी याबद्दल आधीच, पेरणीच्या वेळी बोलून ठेवा.

हंगामात लक्ष

लष्करी अळी उघडिपीत बळावते. आठवड्यातून दोनदा सकाळी पोंगे (मक्याची मधली गुंडाळलेली कोवळी पानं) तपासा. अळी लहान असतानाच चिमूटभर राख किंवा बारीक माती पोंग्यात टाकण्याचा तिथला उपाय स्वस्त आहे. मोठी झाल्यावर फवारणीचाही फारसा उपयोग नाही. युरिया ओल असतानाच द्या आणि मातीने झाका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली खोदाई पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबवा. मजुरांना पाणी आणि मीठ-साखर शेतातच द्या.

पूर येऊन गेला तर दोन दिवसांत पाणी उतरलेला मका जगू शकतो. त्याहून जास्त बुडाला असेल तर वाट पाहू नका, उरलेल्या ओलीवर चवळी किंवा रताळ्याचे वेल लावा. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. २०२२-२३ च्या कॉलऱ्यात तिथे १,७०० हून अधिक माणसं दगावली.

तुरीच्या भावाचं गणित मात्र मलावीत ठरत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तिथले भाव कोसळले. २०२१ च्या करारात भारताने मलावीकडून वर्षाला ५०,००० टन तूर घेण्याचं ठरवलं, पण तो २०२५-२६ पर्यंतचा. तुरीचं क्षेत्र वाढवण्याआधी पुढची व्यवस्था काय आहे ते व्यापाऱ्याकडे विचारा, आणि घरात खाण्यापुरता मका मात्र वेगळा काढून ठेवा.