राणीचं दान, लेकीचं दान: पांडवलेण्यांतले राजलेख वाचायचे कसे

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, दोन राजघराण्यांतल्या स्त्रियांची दानं दगडात नोंदलेली आहेत. १० व्या लेण्यात क्षहरात वंशाच्या राजा नहपानाची लेक दक्षमित्रा, तर ३ ऱ्या लेण्यात सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री. हे लेख म्हणजे नुसती स्तुती नव्हे. त्यातले काही चक्क सरकारी हुकूम आहेत आणि ते तसेच वाचले तर पटकन उलगडतात.

सकाळी लवकर चढा. ऊन तिरकं असताना कोरीव रेषांची सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं, दुपारी तीच भिंत सपाट होते. फोटोसाठी फ्लॅश मारू नका. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि एकच अक्षर दोन-तीन बाजूंनी उजळून पाहा. ३ ऱ्या लेण्यातले काही लेख छतालगत आहेत, त्यामुळे छोटी दुर्बीण न्याच. खडू लावणं, पाणी मारणं किंवा भिंतीवर कागद ठेवून घासणं अजिबात नको. ही राष्ट्रीय संरक्षित वास्तू आहे आणि अक्षरांच्या कडा आधीच झिजलेल्या आहेत.

‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या संग्रहाच्या आठव्या खंडात सेनार या अभ्यासकाने दिलेल्या पाठाची छापील प्रत सोबत ठेवा. त्यात ३ ऱ्या लेण्यातले राजलेख २ ते ५ क्रमांकांवर आहेत. मात्र हे क्रमांक काळाप्रमाणे लावलेले नाहीत. बलश्रीचा मुलगा गौतमीपुत्र याच्या १८ व्या आणि २४ व्या वर्षांचे लेख (४ आणि ५) आधीचे, तर नातू पुळुमावी याच्या १९ व्या आणि २२ व्या वर्षांचे (२ आणि ३) नंतरचे. क्रमांकांच्या ओघात वाचत गेलात तर मुलगा बापाच्या आधी येतो आणि घोटाळा होतो.

सुरुवात १० व्या लेण्यातून करा. व्हरांड्याच्या टोकांच्या खोल्यांवर दक्षमित्रेचा छोटा लेख आहे. आधी ‘सिधं’ हा सुरुवातीचा मंगल शब्द शोधा, मग ‘रञो’ म्हणजे राजाचा, मग नहपानाचं नाव, ‘दीहितु’ म्हणजे लेक, उषवदाताची ‘कुडुंबिनी’ म्हणजे पत्नी, तिचं स्वतःचं नाव आणि शेवटी ‘देयधम ओवरको’, म्हणजे खोलीचं दान. कोणाची लेक, कोणाची बायको, स्वतः कोण, काय दिलं: हा साचा एकदा डोळ्यात बसला की पुढचे लेख सोपे जातात. आईचं नाव इथे शोधू नका, ते कोरलेलंच नाही.

अक्षर चुकतं कुठे? इथल्या बेसॉल्ट खडकात वायूचे छोटे खळगे असतात, ते अनुस्वारासारखे दिसतात. खरा अनुस्वार अक्षराच्या शेजारी ठरावीक उंचीवर असतो आणि त्याची कड स्वच्छ असते. हे लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, तिच्यात आकाराची रेघ उजवीकडे, एकाराची डावीकडे, उकाराची खाली आणि इकाराची वर, त्यामुळे तडा कोणत्या बाजूला गेला आहे ते पाहून मगच मात्रा ठरवा. एकाच व्यंजनाचं जोडाक्षर बहुधा एकेरी लिहिलेलं असतं, म्हणून ‘सिद्धं’ ऐवजी ‘सिधं’ दिसलं तर ती कोरणाऱ्याची चूक धरू नका.

तारखेत सगळ्यात जास्त गफलत होते. शून्य नाही, म्हणून २४ हे वीसचं चिन्ह आणि पुढे चारचं चिन्ह असं लिहितात. ते २०४ वाचलंत तर सगळंच बिघडतं. सातवाहनांच्या लेखांत साल राजाच्या कारकिर्दीचं असतं, शक संवताचं नव्हे, म्हणून ७८ मिळवायचे नाहीत. मग ऋतू (गिम्ह म्हणजे उन्हाळा, वास म्हणजे पावसाळा किंवा हेमंत म्हणजे हिवाळा), त्यातला पंधरवडा आणि दिवस. एका ऋतूत चार महिने, म्हणजे आठ पंधरवडे.

आता २४ व्या वर्षाचा लेख घ्या, कारण तोच सगळ्यात बोलका. गौतमीपुत्र आणि ‘जीवसुता राजमाता’, म्हणजे जिचा मुलगा हयात आहे ती आई, या दोघांच्या वचनाने गोवर्धन इथल्या अमात्य (अधिकारी) श्यामकाला हा हुकूम आहे. कखडी गावातलं शेत लेण्यातल्या भिक्षूंना आधी दिलं होतं, पण शेत कसलं जात नाही आणि गावात वस्ती नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) द्यावीत. १८ व्या वर्षी याच परिसरात २०० निवर्तनं देऊन झाली होती. म्हणजे नुसतं दान देणं पुरत नव्हतं, ते पिकतं का हेही पाहावं लागे. निवर्तनाचे एकर-गुंठे करत बसू नका, माप जागोजाग वेगळं होतं.

जमिनीच्या पाठोपाठ सवलती येतात आणि त्यांच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, खरं तर हुकमाचा कणा तिथेच आहे: राजाच्या माणसांनी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, प्रदेशाच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, आणि शेवटी सर्व प्रकारच्या माफीचा शिक्कामोर्तबी शब्द. मग प्रतीहारी (राजद्वारावरची रक्षक) लोटाचं नाव आणि दोन तारखा. वर्षाऋतूचा चौथा पंधरवडा, पाचवा दिवस ही पहिली, तर सुजीवीने नोंद केली ती ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, दहावा दिवस. दोन्ही वेगळ्या टिपून ठेवा, एकीत मिसळू नका.

बलश्रीचा १९ व्या वर्षाचा लेख शेवटी वाचा. ती स्वतःला महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवते आणि लेकाने क्षहरात वंश निःशेष केला असं सांगते. तो वंश दक्षमित्रेच्या माहेरचा. त्यामुळे वाचून झालं की परत १० व्या लेण्याकडे जा आणि नहपानाचं नाव पुन्हा एकदा अक्षर अक्षर लावून पाहा.